स्टुअर्ड्ससमोर खोटं बोललो, आता काय करू?

पत्र

काकाजी, नमस्कार.

मी नागपूरचा, वय १९. कार्टिंग करत करत यंदा फॉर्म्युला गाडीत आलो. बाबांचं स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे. माझ्या सीझनच्या फीसाठी त्यांनी बेसा रोडवरचा प्लॉट विकला. मागच्या राउंडला शेवटून दुसऱ्या लॅपमध्ये मी चौथा होतो. हेअरपिनला, म्हणजे पार मागे फिरणाऱ्या वळणावर, आतून घुसलो. जागा नव्हती, हे घुसतानाच माहीत होतं. माझी पुढची विंग तिसऱ्या नंबरवरच्या मुलाच्या मागच्या चाकापर्यंतच पोचली होती. धडक बसली, तो ग्रॅव्हलमध्ये (ट्रॅकबाहेरच्या खडीत) गेला, मी तिसरा आलो. स्टुअर्ड्सनी, म्हणजे रेसच्या पंचांनी, दोघांना बोलावलं. आत जाण्याआधी आमचे टीम मॅनेजर म्हणाले, 'तो ब्रेकिंगमध्ये सरकला असं सांग, त्याच्या गाडीचा कॅमेरा बंद होता.' मी तसंच सांगितलं. पुढच्या रेसला त्याला ग्रिडवर (सुरुवातीच्या रांगेत) तीन जागा मागे टाकलं आणि माझा पोडियम (पहिल्या तिघांतली जागा) कायम राहिला. बाबांना खरं सांगितलं, तर म्हणाले, 'चूप राह, एवढा पैसा लागला आहे.' मित्र म्हणतात, फॉर्म्युला वनचे विश्वविजेते सेना आणि शूमाकर यांनीही हेच केलं, क्रिकेटमध्येही कड लागली तरी बॅट्समन उभाच राहतो. मला रात्री झोप येऊन नाही राहिली. पुढचा राउंड जवळ आला आहे. काय करू?

उत्तर

बेटा,

आधी उत्तर देतो, कारणं नंतर सांगतो. जे घडलं ते स्टुअर्ड्सना लेखी कळव, आणि पुढच्या राउंडला गाडी ट्रॅकवर उतरण्याआधी कळव. त्या मुलानं अजून पेनल्टी भोगलेली नाही. ती थांबवणं सध्या तुला शक्य आहे. एकदा ती रेस झाली की त्याच्या तीन जागा कुणालाच परत देता येणार नाहीत.

हेअरपिनला जे झालं आणि त्या खोलीत जे झालं, ते तू मनात एकत्र करून बसला आहेस. म्हणूनच तुझे मित्र तुला सेना-शूमाकरच्या गोष्टी सांगू शकतात. ते आधी वेगळं करू.

हेअरपिनला तू चुकलास. फॉर्म्युला वनच्या स्टुअर्ड्ससाठी जी मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांनुसार आतून येणाऱ्या गाडीचा पुढचा अॅक्सल एपेक्सला (वळणाच्या सगळ्यात आतल्या बिंदूला) पोचण्याआधी आणि एपेक्सवर निदान समोरच्याच्या आरशाला लागलेला हवा, गाडी पूर्ण ताब्यात हवी आणि ती ट्रॅकच्या आत राहून वळण पुरं करू शकली पाहिजे. एवढं असेल तरच बाहेरच्यानं जागा सोडायची. तू त्याच्या मागच्या चाकापाशी होतास, म्हणजे ते वळण त्याचं होतं. उघड्या चाकांच्या गाडीत पुढच्याच्या मागच्या चाकाला लागलं की काय होतं, ते २०१० च्या व्हॅलेन्सियाच्या रेसमध्ये जगानं पाहिलं आहे. मार्क वेबरची रेड बुल हेइकी कोव्हालाइनेनच्या गाडीवर मागून चढली, हवेत उलटी झाली आणि खाली आपटून बॅरियरवर गेली. तो चालत बाहेर आला. तिथे कुणाच्याही मनात काही वाईट नव्हतं, वेगातला फरक तेवढा जास्त होता. तुला तर घुसतानाच जागा नसल्याचं माहीत होतं. तुमच्या त्या हेअरपिनला वेग कमी होता, एवढ्यावरच दोघं सुखरूप आहात.

तरीही ही चूक रेसिंगच्या पोटातली आहे. तिची किंमत नियमांत लिहून ठेवलेली आहे आणि ती चुकती करता येते. पाच सेकंद, दहा सेकंद, ड्राइव्ह-थ्रू (रेसमध्येच पिट लेनमधून हळू जाणं), पुढच्या रेसला ग्रिडवर मागे. फॉर्म्युला वनमध्ये २०१४ पासून लायसन्सवर पेनल्टी पॉइंट्सही पडतात, बारा महिन्यांत बारा झाले की एका रेसची बंदी. तशी बंदी पहिल्यांदा केविन मॅग्नुसनवर आली, २०२४ मध्ये; तो बाकूची रेस मुकला आणि पुढच्या रेसला परत गाडीत बसला. जून २०२५ ला बार्सिलोनात मॅक्स व्हर्स्टापेननं जॉर्ज रसेलला धडक दिली. दहा सेकंदांची पेनल्टी लागून तो पाचव्यावरून दहाव्यावर गेला आणि त्याचे पेनल्टी पॉइंट्स अकरा झाले. चार वेळचा विश्वविजेता बंदीच्या काठावर उभा राहिला. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच लिहिलं की ते बरोबर नव्हतं, तसं घडायला नको होतं. मला तो माणूस ट्रॅकवर पुष्कळदा खटकतो, पण त्या दिवशी त्यानं कुणाच्या माथी काही मारलं नाही.

तू हेअरपिनच्या धडकेची पेनल्टी घेतली असतीस, तर आज हे पत्र आलंच नसतं. पाचवा-सहावा आला असतास, बाबा दोन दिवस नाराज झाले असते, विषय मिटला असता.

खोलीतली गोष्ट मात्र फार जड आहे. तुझ्या प्रकरणाशी जवळजवळ जुळणारं एक प्रकरण आहे. मार्च २००९, मेलबर्न. शेवटी शेवटी सेफ्टी कार आली; ती पुढे असताना मागे कुणी ओव्हरटेक करायचं नसतं. तिच्या मागे चालताना यार्नो त्रुली ट्रॅकबाहेर घसरला आणि लुईस हॅमिल्टन रीतसर त्याच्या पुढे गेला. त्याच्या टीमच्या, मॅक्लॅरनच्या, पिट वॉलवर (ट्रॅकशेजारी टीमचे लोक बसतात तिथे) गोंधळ झाला, जागा परत द्यायची की नाही यावर रेडिओवर बोलणं झालं, हॅमिल्टननं वेग कमी केला आणि त्रुली पुन्हा पुढे आला. रेसनंतर स्टुअर्ड्सनी विचारलं तेव्हा हॅमिल्टन आणि टीमचे डेव्ह रायन यांनी त्याला मुद्दाम पुढे जाऊ दिल्याचं सांगितलं नाही. परिणामी त्रुलीनं सेफ्टी कारच्या मागे बेकायदा ओव्हरटेक केलं असं ठरलं, त्याला पंचवीस सेकंदांची पेनल्टी लागली आणि तिसऱ्याचा तो बारावा झाला. हॅमिल्टनला तिसरी जागा मिळाली.

मग रेडिओचं रेकॉर्डिंग पुढे आलं. रेसनंतर लगेच हॅमिल्टननंच पत्रकारांना खरं काय ते सांगून टाकलं होतं, तेही पुढे आलं. हॅमिल्टन आणि मॅक्लॅरन त्या रेसमधून बाद झाले, त्रुलीला तिसरी जागा परत मिळाली, रायन यांना टीम सोडावी लागली आणि मॅक्लॅरनच्या डोक्यावर तीन रेसची स्थगित बंदी लटकली. पुढच्याच आठवड्यात मलेशियात हॅमिल्टन एकटा पत्रकारांसमोर बसला आणि त्यानं माफी मागितली. तेव्हा तो विश्वविजेता होता, वय २४, तुझ्यापेक्षा फार मोठा नव्हे. टीम मॅनेजरनं माहिती दडवायला सांगितली, हेही तो तिथे बोलला. ते खरं असेलही, पण खोलीत उत्तर त्याच्या तोंडून गेलं होतं आणि ओझं त्यालाच उचलावं लागलं.

तुझ्या प्रकरणात त्रुलीच्या जागी तो ग्रॅव्हलमध्ये गेलेला मुलगा आहे. तू त्याची एक रेस हेअरपिनला घेतलीस आणि दुसरी त्या खोलीत. शिवाय त्याच्यावर ठेवलेला आरोप साधा नाही. ब्रेकिंगमध्ये लाइन बदलणं हे रेसिंगमध्ये वाईट चालीचं लक्षण मानतात, कारण मागच्यानं ब्रेक दाबलेला असतो आणि त्याच्या हातात काही उरलेलं नसतं. २०१६ मध्ये व्हर्स्टापेनच्या बचावावर इतर ड्रायव्हर चिडले, तेव्हा ऑस्टिनच्या रेसच्या वेळी एफआयएला (मोटर रेसिंगच्या जागतिक संघटनेला) त्यासाठी वेगळा खुलासा काढावा लागला होता. आता पॅडकमधले (ट्रॅकवर टीम जिथे तळ ठोकतात तिथले) लोक त्या पोराकडे 'हा ब्रेकिंगमध्ये सरकतो' म्हणून बघतील. पुढची टीम शोधताना कुणीतरी त्याला हे ऐकवेल. त्यानं तसं काही केलेलं नाही, आणि हे खात्रीनं सांगू शकणारा पहिला माणूस तू आहेस.

मित्रांच्या क्रिकेटच्या दाखल्याकडे येऊ. जामठ्याला मॅच बघताना आपण सगळेच यावर भांडतो, मी स्वतः कड लागल्यावर निघून जाणाऱ्याच्या बाजूचा आहे. पण उभा राहणारा बॅट्समन गप्प असतो. अंपायर त्याला जवळ बोलावून 'कड लागली का?' असं विचारत नाही. आणि तो उभा राहिला म्हणून बॉलरला पुढच्या मॅचमध्ये शिक्षा होत नाही. तुला समोर बसवून विचारलं गेलं होतं. स्टुअर्ड्स वळणावर उभे नसतात, त्यांच्याकडे फूटेज असतं, मार्शलचे रिपोर्ट असतात आणि दोन ड्रायव्हरचं सांगणं असतं. फॉर्म्युला वनमध्ये डझनभर कोन, टेलिमेट्री (गाडीतून येणारा डेटा), रेडिओ, सगळं त्यांच्या टेबलावर येतं, तरी ते ड्रायव्हरला बोलावतात. आपल्या देशातल्या छोट्या मालिकांमध्ये तर कॅमेरे थोडे, म्हणून ड्रायव्हरच्या शब्दाचं वजन आणखी जास्त. तो शब्द खोटा निघायला लागला तर पुढच्या वेळी तुझं खरंही कुणी धरणार नाही.

सेना आणि शूमाकर. हो, केलं त्यांनी. १९९० ला सुझुकात पहिल्याच वळणावर सेनानं आपला प्रतिस्पर्धी प्रॉस्टला उडवलं आणि विजेतेपद घेतलं. वर्षभरानं, पुढचं विजेतेपद जिंकल्यावर, मुद्दाम केलं होतं असं स्वतः बोलला. १९९७ ला हेरेथला शूमाकरनं विजेतेपदासाठी झुंजणाऱ्या जाक व्हिलनव्हवर गाडी घातली, स्वतःच ग्रॅव्हलमध्ये अडकला. त्या दिवशीच्या स्टुअर्ड्सनी तर त्या धडकेला रेसिंग इन्सिडेंट (कुणाचीच चूक नाही) ठरवलं होतं! पण एफआयएनं नंतर त्याला त्या वर्षीच्या अख्ख्या क्रमवारीतून काढून टाकलं. सात वेळचा विश्वविजेता, पण १९९७ च्या यादीत त्याचं दुसरं स्थान सापडणार नाही. हे दोघं मोठे होते ते ओल्या ट्रॅकवरच्या हातामुळे, क्वालिफाइंगच्या लॅपमुळे, गाडी समजून घेण्याच्या बुद्धीमुळे. तुझ्या मित्रांनी त्यांच्याकडून नेमकी तीच एक गोष्ट उचलली जी कुणालाही जमते. याच सेनानं १९९२ ला स्पाच्या सरावात एरिक कोमासची गाडी आपटलेली पाहून आपली गाडी मध्येच थांबवली होती. दुसऱ्या गाड्या येत असताना तो पळत गेला, बेशुद्ध कोमासच्या गाडीचं इंजिन बंद केलं आणि डॉक्टर येईपर्यंत त्याचं डोकं धरून ठेवलं. नक्कल करायचीच असेल तर ही कर.

आणि मला तुला ज्याची गोष्ट खरोखर सांगायची आहे तो माणूस कधीच विश्वविजेता झाला नाही. १९५८, पोर्तुगालमधल्या पोर्तोची रेस. स्टर्लिंग मॉस जिंकला, माईक हॉथॉर्न दुसरा. विजेतेपदाची झुंज या दोघांतच होती. हॉथॉर्नची गाडी शेवटी फिरून बंद पडली होती आणि ती सुरू करताना त्यानं ट्रॅकच्या उलट दिशेनं गाडी चालवली, असा ठपका आला. त्याला बाद करणार होते. मॉस स्टुअर्ड्सकडे गेला आणि त्यानं हॉथॉर्नच्या बाजूनं साक्ष दिली: गाडी ट्रॅकवर नव्हती, फूटपाथवर होती. हॉथॉर्नचं दुसरं स्थान आणि सात गुण वाचले. मोसमाच्या शेवटी हॉथॉर्नचे ४२ गुण झाले, मॉसचे ४१. त्या वर्षी मॉसनं चार रेस जिंकल्या होत्या, हॉथॉर्ननं एक.

मॉसला कुणी बोलावलं नव्हतं. तो घरी गेला असता तरी कुणी त्याला खोटारडा म्हटलं नसतं. त्याला विजेतेपद नंतरही मिळालं नाही. खरं बोललास की तुझं भलंच होईल, असं वचन मी तुला देत नाही. तुझा पोडियम जाईल, गुण जातील, कदाचित एखाद्या राउंडची बंदी येईल, दंडही होईल. टीम तुला ठेवेल की नाही, मला माहीत नाही. हे सगळं धरूनही मी सांगतो आहे की जा.

टीम मॅनेजरबद्दल थोडक्यात. कॅमेरा बंद होता म्हणून गोष्ट सुटली असं त्यांना वाटतं, पण तुझ्या गाडीत डेटा लॉगर असेल तर तू ब्रेक कुठे दाबलास ते त्यांच्या लॅपटॉपवर आहे. २००८ ला सिंगापूरमध्ये नेल्सन पिके ज्युनियरनं टीमच्या सांगण्यावरून गाडी भिंतीवर घातली, त्याचा टीममधला जोडीदार अलोन्सो ती रेस जिंकला. पुढच्या वर्षी पिकेला टीमनं काढलं आणि सगळं बाहेर आलं. पिके पुन्हा फॉर्म्युला वनमध्ये दिसला नाही. सापडशील या भीतीनं कबुली दे असं मी म्हणत नाही, ते कारण फार लहान आहे. पण जो तुला खोलीत जाण्याआधी उत्तर पढवतो, त्याच्या हाती आपला पुढचा मोसम द्यायचा का, याचा विचार तुम्ही घरी बसून करा.

आता बाबा. तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी त्यांची वाटली. बेसा रोडवरचा प्लॉट म्हणजे काय असतं ते नागपूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. कुणाचं घर होणार असतं, कुणाच्या मुलीचं लग्न, म्हातारपणाचा आधार. तो त्यांनी तुझ्या टायर-इंजिनमध्ये घातला. चेन्नई-कोइम्बतूरच्या मुलांना ट्रॅक घराजवळ आहे. तुला प्रत्येक राउंडला रात्रभराची गाडी पकडून जावं लागतं आणि तो खर्चही तेच करतात. त्यांचं 'चूप राह' घाबरलेल्या माणसाचं आहे, त्यावरून त्यांना वाईट ठरवू नकोस. पण त्यांना एक विचार: दुकानात कुणी ब्रेक शू घ्यायला आला आणि 'कंपनीचा आहे का?' असं म्हणाला, तर डुप्लिकेट समोर ठेवून ते हो म्हणतील का? नाही म्हणतील, हे मी त्यांना न भेटता सांगतो. इतकी वर्षं दुकान चालतं ते त्याच्यावरच.

दुकान बंद झाल्यावर, जेवणं झाली की बोल. आई असू दे समोर. काय करू असं विचारू नकोस, काय करणार आहेस ते सांग, आणि पाठवायचा मजकूर त्यांना वाचायला दे. रागावतील. रागावू दे. फक्त त्यांच्या नकळत पाठवू नकोस. पॅडकमधून दुसऱ्या कुणाचा फोन येऊन त्यांना हे कळलं, तर ते जास्त लागेल.

मजकूर लहान ठेव. कोणती रेस, कोणता लॅप, कोणतं वळण. मी आतून आलो तेव्हा माझी गाडी किती पुढे होती. समोरच्या गाडीनं ब्रेकिंगमध्ये लाइन बदलली नव्हती. सुनावणीत मी जे सांगितलं ते खोटं होतं. माझा डेटा हवा असल्यास देतो. माझ्यावर जी कारवाई होईल ती मला मान्य आहे, त्या ड्रायव्हरची पेनल्टी मागे घ्यावी. बस. 'दडपण होतं', 'वडिलांनी प्लॉट विकला' हे त्यात नको. मॅनेजरचं नाव स्वतःहून पहिल्या ओळीत नको, पण विचारलं तर लपवायचंही नाही. एक खोटं काढताना दुसरं घालू नकोस. क्लार्क ऑफ द कोर्सच्या (रेस चालवणाऱ्या मुख्य अधिकाऱ्याच्या) मार्फत स्टुअर्ड्सना पाठव आणि पोच घे.

निकाल लागल्यावर काही बदलतं का, अशी शंका तुला येईल. बदलू शकतं. नवा, महत्त्वाचा पुरावा आला तर स्टुअर्ड्स आपला निर्णय पुन्हा तपासू शकतात, मात्र त्याला मुदत असते, म्हणून घाई कर म्हणतो आहे. २०२५ ला झँडफोर्टच्या रेसनंतर असंच झालं. लियाम लॉसनशी झालेल्या टकरीबद्दल कार्लोस साइन्झला दहा सेकंद आणि दोन पेनल्टी पॉइंट्स लागले होते. त्याच्या टीमनं नवं फूटेज देऊन फेरतपासणी मागितली, स्टुअर्ड्सनी प्रकरण पुन्हा उघडलं आणि पॉइंट्स मागे घेतले. दहा सेकंद मात्र त्यानं रेसमध्येच भोगले होते, ते परत देता आले नाहीत. तुझ्या प्रकरणात पेनल्टी अजून पुढे आहे, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

मेल गेल्याच्या दिवशीच त्या मुलाला फोन कर. मेसेज नको. आधी फोन आणि मग मेल असंही नको, नाहीतर त्याला वाटेल तू त्याची परवानगी काढतो आहेस किंवा त्यानं तुला थांबवावं म्हणून बोलतो आहेस. काय लिहून पाठवलंस ते सांग, माफी माग, आणि तो जे बोलेल ते ऐकून घे. शिव्या दिल्या तर त्याही ऐक. मैत्री मागू नकोस. त्यानं फोन उचलला नाही, तर पुढच्या राउंडच्या ड्रायव्हर्स ब्रीफिंगला सगळ्यांच्या आधी पोच आणि समोरासमोर सांग. बंदीमुळे तू रेसमध्ये नसलास, तरी त्या ब्रीफिंगपुरता जा. तिकिटाचे पैसे बाबांकडे मागू नकोस. स्वतःचे काढ.

तुझा,
काका